एल्क, कूझ डिअर, बिगहॉर्न, माउंटन गोट: अमेरिकेतली अवघड शिकार शून्यापासून कशी शिकायची

कोलोरॅडोतलं डेन्व्हर १६०९ मीटरवर आहे आणि आपलं कळसूबाई १६४६. म्हणजे महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच टोक जवळपास जिथे संपतं तिथून इथलं शहर सुरू होतं, आणि माउंटन गोट, म्हणजे बकऱ्यासारखा दिसणारा पांढरा डोंगरी प्राणी, राहतो तो त्याच्याही दोन-अडीच हजार मीटर वर, झाडं संपून नुसते कडे आणि सुळके उरतात तिथे. हे आधी सांगतोय कारण मला ज्यांचे फोन येतात ते जवळजवळ सगळे पहिला प्रश्न रायफलचा विचारतात, कुठली घेऊ, किती रेंजची घेऊ. रायफल हा या सगळ्यातला सोपा भाग आहे हो. अवघड आहे ते परमिट मिळणं, तिथवर चढणं, वाऱ्याच्या योग्य बाजूला राहणं, आणि मेलेल्या जनावराचं मांस खराब होऊ न देता खाली आणणं.

मी मूळचा सातारकडचा, अकरा वर्षं झाली कोलोरॅडोत. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंदच आहे आणि ते योग्यच आहे, तिकडची जंगलं आणि जनावरं जेवढी उरलीत त्यात दुसरा मार्ग नाही. इथली गोष्ट वेगळी, इथे प्रत्येक राज्याचं वन्यजीव खातं दरवर्षी कळप मोजतं आणि त्यावरून किती परमिट द्यायची ते ठरवतं. शिवाय १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफल आणि काडतुसांवर ११ टक्के कर लागतो, तो पैसा फिरून राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडेच येतो. त्यामुळे इथे शिकार करणं आणि जनावराची काळजी असणं यात भांडण नाहीये. पण काळजी खरी असेल तरच यात पडा, नुसता फोटो हवा असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही.

पायरी १: कागदपत्रं, आणि इथे जरा सावकाश वाचा

एच-वन किंवा स्टुडंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे. त्यात काही अपवाद आहेत, त्यातला एक म्हणजे कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. म्हणजे आधी लायसन्स, मग रायफलला हात. मित्राची रायफल सहज म्हणून रेंजवर उडवणं हेसुद्धा यात येऊ शकतं आणि यात चूक झाली तर फक्त दंडावर भागत नाही, इमिग्रेशनची आख्खी केस धोक्यात येते. त्यामुळे व्हिसावर असाल तर वकिलाला एकदा विचाराच, दोन-चारशे डॉलर जातील पण जाऊदेत. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. धनुष्यबाण फेडरल कायद्यात बंदुकीत धरत नाहीत, म्हणून आपल्याकडची बरीच पोरं आर्चरीतून सुरुवात करतात आणि मला ती वाट आवडते, कारण धनुष्य तुम्हाला जनावराच्या जवळ जायला शिकवतं.

मग हंटर एज्युकेशनचा कोर्स. कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला तो लागतोच. कंटाळून उरकू नका, बंदुकीचं तोंड कुठे असावं आणि जनावराच्या मागे काय आहे हे बघितल्याशिवाय ट्रिगरला बोट का लावायचं नाही हे तिथेच अंगात भिनतं. राज्यात सलग सहा महिने राहिलात की रेसिडेंट लायसन्स मिळतं, ते बाहेरच्यांपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

आणि एक अलास्काबद्दल, कारण डाल शीपची, म्हणजे तिकडच्या पांढऱ्या रानमेंढीची, स्वप्नं पडायला लागतात लोकांना. तिथे बाहेरच्या राज्यातल्या अमेरिकन नागरिकाला ब्राउन बेअर, डाल शीप आणि माउंटन गोटसाठी लायसन्सवाला गाइड लागतो, किंवा तिथे राहणारा जवळचा नातेवाईक. पण तुम्ही अमेरिकन नागरिक नसाल आणि अलास्कात राहत नसाल तर कुठल्याही बिग गेमसाठी, म्हणजे मोठ्या जनावरासाठी, गाइड लागतो, मग तो मूस असो की कॅरिबू. शीपच्या गाइडचा खर्च चांगल्या गाडीच्या किमतीत जातो, तेव्हा आधीच माहीत असूदे.

पायरी २: अवघड म्हणजे नक्की काय अवघड, ते ओळखून क्रम लावा

लोक एकच यादी करतात की हा प्राणी एक नंबर अवघड, हा दोन नंबर. मला ते पटत नाही कारण प्रत्येकाचं अवघडपण वेगळं आहे.

बिगहॉर्न म्हणजे मोठ्या वळलेल्या शिंगांची रानमेंढी, तिचं अवघडपण मुख्यतः परमिटमध्ये आहे. पाळीव मेंढ्यांकडून येणाऱ्या न्यूमोनियाने यांचे कळपच्या कळप बसलेत, त्यामुळे परमिट मोजकीच निघतात. कोलोरॅडोत रॅम (म्हणजे नर मेंढा) किंवा गोटसाठी दरवर्षी अर्ज करून आधी तीन प्रेफरन्स पॉइंट जमवावे लागतात आणि त्यानंतर सोडतीत खरं नाव येतं, आणि तरी वीस-वीस वर्षं वाट बघणारी माणसं मला माहीत आहेत. मोंटानात यलोस्टोनच्या उत्तरेला काही भाग आहेत ज्यांना सगळे 'अनलिमिटेड' म्हणतात, तिथे शीपचं परमिट मागेल त्याला मिळतं, पण जागा इतकी खडतर आणि शीप इतके थोडे की बहुतेक लोक एकही कायदेशीर रॅम न बघता परत येतात, वर ग्रिझली अस्वलांचा वावर. ठरलेला कोटा भरला की सीझन बंद.

माउंटन गोटचं अवघडपण जमिनीत आहे. हा खरं तर बकरा नाहीच, आपल्या हिमालयातल्या गोरल आणि सेराओच्या गोतातला मानतात. कोलोरॅडोत तो मूळचा नाही, १९४० च्या दशकात आणून सोडलेला आहे. त्याच्या खुराला मधे मऊ गादी असते म्हणून तो कड्याला चिकटतो, तुमच्या बुटाला ती नसते.

कूझ डिअर हा ॲरिझोना, न्यू मेक्सिकोचा दक्षिण भाग आणि मेक्सिकोतल्या सोनोरात मिळणारा छोटा व्हाइटटेल जातीचा हरीण, पूर्ण वाढलेला नर जेमतेम ४५ किलोचा. त्याला 'ग्रे घोस्ट' म्हणतात ते उगीच नाही, समोरच्या उतारावर तीन हरणं असतात आणि तासभर एकही दिसत नाही आणि मग एक कान हलतो. याचं अवघडपण डोळ्यात आहे, तुमच्या.

आणि एल्क, म्हणजे सांबरासारखं मोठं हरीण. एल्कचं परमिट मिळतं, जमीनही चालण्यासारखी असते, कोलोरॅडोत एल्क अडीच लाखांच्या वर आहेत, जगात कुठल्या राज्यात इतके नाहीत. तरीसुद्धा बहुतेक वर्षी पाचातले चार जण रिकाम्या हाताने घरी जातात! कारण त्याचं नाक. आणि वजन, पण त्याच्याकडे नंतर येतो.

तर माझा सल्ला असा. रॅम आणि गोटचे पॉइंट पहिल्याच वर्षापासून जमवायला लागा, आत्ता काही येत नसलं तरी. कोलोरॅडोत अर्ज साधारण १ मार्चला उघडतात आणि एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी बंद होतात. मी पहिली तीन वर्षं नंतर बघू म्हणत घालवली आणि ती तीन वर्षं मला कोणी परत देणार नाही. पॉइंट जमताहेत तोवर प्रॉन्गहॉर्नच्या, म्हणजे माळावरच्या हरणासारख्या प्राण्याच्या, मादीचं परमिट घ्या, मग काऊ एल्क (मादी), मग बुल एल्क (नर), आणि मधे एखादा डिसेंबर ॲरिझोनात कूझच्या मागे. प्रॉन्गहॉर्न तासाला नव्वद किलोमीटरच्या आसपास पळतो आणि उघड्या माळावर मैलभरावरून तुम्हाला ओळखतो, पण तो दिसतो तरी! नवीन माणसाला जनावर दिसणं, त्याच्याकडे सरपटत जाणं, फसणं, परत उठून दुसरा कळप शोधणं हे एका दिवसात चार-पाच वेळा करायला मिळतं. वर्षातून एकदा एल्क दिसून त्यातून जे शिकाल त्यापेक्षा हे कितीतरी जास्त आहे.

पायरी ३: पाय

जूनपासून आठवड्यातून तीन दिवस पाठीवर वजन घेऊन चढा. आधी दहा किलो, ऑगस्टपर्यंत वीस-बावीस. पाण्याचे कॅन भरून न्या आणि वर ओतून या म्हणजे उतरताना गुडघे वाचतात. आपल्याकडे ट्रेकिंग केलेल्यांना, राजगड-तोरणा एका दमात केलेल्यांना वाटतं जमेल, मलाही वाटलेलं. चढ जमतो, हवा जमत नाही. ३५०० मीटरच्या वर दहा पावलं टाकून थांबावं लागतं. सीझनच्या आधी दोन-तीन दिवस वर जाऊन नुसतं राहा, पाणी प्या. डोकं दुखणं चालून जातं, पण बसल्याजागी धाप लागायला लागली किंवा खोकल्यात गुलाबी फेस दिसला तर रात्र असली तरी खाली उतरायचं, सकाळची वाट नाही बघायची.

सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत दुपारी विजा पडतात. बाराच्या आत झाडांच्या रेषेखाली या. सॅटेलाइट मेसेंजर घ्या, तिथे मोबाइलला रेंज नसते, आणि घरी कोणालातरी नकाशावर खूण करून दाखवून ठेवा.

रायफलच्या सीझनला कोलोरॅडोत अंगावर कमीत कमी ५०० चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी रंग लागतो आणि डोक्यावरही. एल्कला तो रंग आपल्यासारखा दिसत नाही, तेव्हा दिसू म्हणून काढून ठेवू नका.

पायरी ४: बघणं आणि वारा

नवीन माणूस चालतो फार आणि बघतो कमी. दुर्बीण चांगली घ्या, रायफलीवर कमी खर्च करून दुर्बिणीवर जास्त करा असं मी सगळ्यांना सांगतो. दहा पॉवरची गळ्यात, आणि कूझ किंवा शीपसाठी पंधराची ट्रायपॉडवर. ट्रायपॉडवर लावल्यावर फरक काय पडतो ते स्वतः बघा, हात हलत नाही म्हणजे मग चित्रात जे हलतं ते जनावरच. उताराचे मनात पट्टे पाडा, डावीकडून उजवीकडे एक पट्टा, मग खालचा, मग परत पहिल्यापासून. आख्खं हरीण शोधू नका. आडवी रेघ शोधा, जंगलात झाडं उभी असतात आणि पाठ आडवी असते. शिंगाचा तुकडा, पोटाखालचा पांढरा रंग, शेपटी. एल्कच्या ढुंगणावरचा फिका डाग लांबून चमकतो, वापिटी हे त्याचं शॉनी भाषेतलं नाव त्या पांढऱ्या ढुंगणावरूनच पडलंय.

आता वारा. डोंगरातला वारा घड्याळासारखा चालतो, ढग आणि वादळ नसेल तर. पहाटे थंड हवा जड असते, ती पाण्यासारखी ओघळीतून खाली वाहते. ऊन उतारावर पडून तासभर झाला की तीच हवा गरम होऊन वर चढायला लागते. संध्याकाळी सावली आली की परत खाली. म्हणून सकाळी लवकर जनावराच्या खालच्या बाजूने जा, नऊ-दहाच्या पुढे वरच्या बाजूने, आणि मधला जो अर्धा-पाऊण तास वारा ठरत नाही तेव्हा जागेवर बसून राहा. ही बसायची गोष्ट मला सगळ्यात उशिरा कळली. बुल चारशे मीटरवर ओरडत असतो, सप्टेंबरच्या माजावर आलेला, त्याची ती शिट्टीसारखी चढत जाणारी हाक ऐकून अंगावर काटा येतो आणि पाय आपोआप निघतात, आणि मग मानेवर मागून गार झुळूक लागते आणि संपलं. पुढे फक्त फांद्या मोडल्याचा आवाज. छोट्या बाटलीत टाल्कम पावडर ठेवा, दर पाच मिनिटांनी चिमूटभर उडवा.

शीप आणि गोट यांचं उलट आहे, ते नाकापेक्षा डोळ्यावर जगतात आणि त्यांचे शत्रू खालून येतात, त्यामुळे त्यांची नजर सतत खाली असते. त्यांच्याकडे वरून जायचं. म्हणजे लांबचा वळसा, डोंगराच्या पाठीमागून चढायचं, धारेवरून डोकं काढायचं. त्यात आख्खा दिवस जातो आणि पोचेपर्यंत ते उठून गेलेले असू शकतात, मग दुसऱ्या दिवशी परत.

ड्रोनने शोधणं कोलोरॅडोत बेकायदा आहे. खासगी जमिनीत परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही, तिथे कुंपण किंवा पाटी नसली तरी नियम तोच. फोनवर जमिनीच्या हद्दी दाखवणारं ॲप आधीच डाउनलोड करून ठेवा, नॅशनल फॉरेस्ट कुठे संपतं ते डोळ्यांनी कळत नाही.

पायरी ५: गोळी कधी नाही मारायची

नेम कसा धरायचा ते रेंजवर शिकाल. जागा एकच लक्षात ठेवा, पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागापासून मध्यापर्यंत, म्हणजे दोन्ही फुफ्फुसं. कोलोरॅडोत बऱ्याच युनिटमध्ये, म्हणजे शिकारीसाठी आखलेल्या भागांत, बुल मारायचा तर एका शिंगाला चार टोकं लागतात किंवा कपाळालगतचं टोक पाच इंचाचं, तेव्हा घाई नको, मोजा.

माउंटन गोटमध्ये नर आणि मादी दोघांनाही काळी शिंगं असतात, इथे फार चुका होतात. नराचं शिंग बुडाशी जाड आणि सबंध लांबीत हळूहळू वळलेलं, मादीचं बारीक आणि टोकाला एकदम वळलेलं. मादी चार-पाच वर्षांची होईपर्यंत तिला पहिलं पिल्लू होत नाही, त्यामुळे छोट्या कळपातल्या दोन माद्या गेल्या तरी कळप बसतो. लघवीला खाली बसली तर मादी, पुढे ताणून उभा राहिला तर नर. तेवढा वेळ थांबा. खात्री नसेल तर सोडून द्या, वीस वर्षांनी मिळालेलं परमिट असलं तरी सोडून द्या.

आणि बघा तो कुठे उभा आहे. गोट गोळी लागल्यावरसुद्धा दोन पावलं कड्याकडे टाकतो आणि पडतो. चारशे फूट खाली गेलेल्या जनावराचं मांसही जातं आणि कधीकधी तिथवर पोचताच येत नाही. तो सपाटीवर येईपर्यंत मारायचा नाही. आपण दोर बांधल्याशिवाय पोचू शकत नाही अशा जागी उभ्या जनावरावर गोळी चालवायची नाही, हा माझ्यासाठी कायद्याच्याही वरचा नियम आहे.

बाण लागल्यावर लगेच मागे धावू नका. अर्धा तास बसा. रक्त गुलाबी फेसाळ असेल तर फुफ्फुस, जनावर जवळच आहे. गडद असेल तर काळीज, म्हणजे यकृत, आणखी थांबा. हिरवट आणि वास असेल तर पोट, कित्येक तास थांबायचं, नाहीतर ते जखमी उठून मैलभर जातं आणि सापडत नाही. शेवटच्या रक्ताच्या डागावर कागदाचा तुकडा ठेवत पुढे जा.

पायरी ६: खरं काम इथून सुरू होतं

काऊ एल्क सव्वादोनशे किलोच्या आसपास, बुल तीनशेच्या वर. बुलचं हाडाविना मांस नव्वद किलोच्या आसपास निघतं, म्हणजे एकट्या माणसाच्या चार फेऱ्या. गाडीपासून पाच किलोमीटरवर मारलात तर हिशोब करा: चार वेळा भरलेली पाठ आणि तीन वेळा रिकामी, पस्तीस किलोमीटर. म्हणून शिकारीला निघतानाच ठरवा की आज गाडीपासून किती लांबपर्यंत मारायचं, आणि त्यापुढे कितीही मोठा दिसला तरी नुसतं बघायचं.

माझी पहिली काऊ एल्क संध्याकाळी साडेचारला पडली, आम्ही दोघं होतो. सोलायला घेईपर्यंत अंधार, डोक्यावरच्या टॉर्चच्या उजेडात वरची बाजू नीट केली आणि खालची सकाळी करू म्हणून झाकून आलो. ऑक्टोबर होता, रात्री थंडी होती, आम्हाला वाटलं पुरेल. नाही पुरली. एल्कचं कातडं आणि केस रजईसारखे असतात, आतली ऊब जात नाही, आणि मांडीच्या हाडाभोवती सकाळी आंबूस वास होता. मागचा एक पाय आख्खा गेला. मला आजही त्याचं वाईट वाटतं, ते जनावर आमच्या हातून मेलं होतं आणि ते नासू न देणं ही आमची जबाबदारी होती. तेव्हा लगेच, त्याच रात्री, चारही पाय वेगळे करा, मागच्या मांडीत हाडापर्यंत चीर द्या म्हणजे ऊब निघून जाईल, कापडी पिशव्यांत घालून सावलीत वारं लागेल असं टांगा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीच नाही.

कायदाही सांगून ठेवतो. चारही पाय, पाठीच्या पट्ट्या आणि आतल्या पट्ट्या आणाव्याच लागतात. नर की मादी हे दाखवणारा अवयव मांसाच्या एका भागाला निसर्गतः जोडलेला ठेवावा लागतो, आणि परमिटचा टॅगही लावावा लागतो. दोन लहान धारदार सुऱ्या न्या, एक मोठी नको. पोट न फाडता वरून सोलायची पद्धत आधी व्हिडिओवर चार वेळा बघा, जमलं तर एखाद्या जाणत्या माणसाबरोबर दुसऱ्याच्या शिकारीला नुसते हमाल म्हणून जा. माझं निम्मं शिक्षण शेजारच्या म्हाताऱ्यांचे एल्क वाहून झालं.

कोलोरॅडोत १९७९ नंतर ग्रिझलीची नोंद नाही, पण काळी अस्वलं आहेत, तेव्हा मांस टांगलेल्या जागेपासून लांब झोपा. मोंटाना-वायोमिंगमध्ये बेअर स्प्रे कमरेला, बॅगेत नाही.

पायरी ७: तपासणी आणि घर

क्रॉनिक वेस्टिंग डिसीज नावाचा मेंदूचा रोग हरीण आणि एल्कमध्ये आहे, पहिल्यांदा १९६७ मध्ये इथे फोर्ट कॉलिन्सलाच दिसला. डोकं तपासणीला द्या आणि रिपोर्ट येईपर्यंत मांस वेगळं नाव लिहून फ्रीझरमध्ये ठेवा. पॉझिटिव्ह आलं तर खायचं नाही. आपल्याकडे भेजा आवडीने खातात, हरीण किंवा एल्कचा भेजा मात्र नको, मणकाही नको.

निगेटिव्ह आला की मग स्वयंपाक. एल्कला चरबी जवळजवळ नसते, बोकडाच्या मटणासारखं तासभर परतत बसलात तर चामडं होईल. पाठीच्या पट्टीला फक्त हळद, मीठ, आलं-लसूण लावून गरम तव्यावर दोन-दोन मिनिटं. मांडीचं मांस बारीक खिमा करा, त्यात थोडी बाहेरची चरबी घाला. आणि नळ्या, ज्या इथले बरेच लोक टाकून देतात, त्या मागून घ्या, करवतीने कापा, कांदा-खोबरं भाजलेल्या वाटणात आणि काळ्या मसाल्यात कुकरला पाऊण तास, मग झाकण काढून मंद आचेवर अजून अर्धा तास. भाकरीला ज्वारीचं पीठ इंडियन स्टोअरमध्ये मिळतं.